जावा सक्षम करा

आषाढात बेगडेवाडीला पाऊस मुक्कामालाच येतो. घोरावडेश्वराचा डोंगर सकाळीच ढगात शिरतो आणि दुपारच्या चहापर्यंत त्याचा पत्ता नसतो. लोकल आल्याचं दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. अशा दिवशी बाहेरची कामं घरात बसून उरकावीत म्हणून मी लॅपटॉप उघडला. एक अर्ज भरायचा होता. कसला आणि कुठल्या कार्यालयाचा ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या कार्यालयाचा काही दोष नव्हता.

पान उघडलं. वर एक निळी पट्टी, खाली कोरंकरकरीत पांढरं, आणि मधोमध एकच ओळ. हे पान वापरण्यासाठी जावास्क्रिप्ट आवश्यक आहे, कृपया सक्षम करा.

मला वाचताना मोठ्याने वाचायची सवय आहे. आमची ही शेजारीच घेवड्याच्या शिरा काढत बसली होती.

"अहो, कुठल्या जावा?"

"जावा नव्हे गं, जावास्क्रिप्ट."

"तेच विचारतेय. आणि त्यांना सक्षम कशाला करायचं? आम्ही आहोत की सक्षम."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आमच्या घराला ओसरी एक आणि चुली दोन. एक माझी, एक थोरल्या भावाची. म्हणजे घरात जावा खरोखरच आहेत. दोघींच्या सक्षमतेबद्दल मला किंवा भावाला कधी शंका आलेली नाही, आणि आली असती तरी आम्ही ती बोलून दाखवली नसती. तीस वर्षांत त्यांच्यात दावा एकच झाला, तो परसातल्या कढीपत्त्याचा, आणि त्यातही कढीपत्ताच मेला.

पण हिच्या त्या प्रश्नाने माझं डोकं भलतीकडे गेलं, आणि नंतर चार गोष्टी शोधून वाचल्यावर लक्षात आलं, की बाईने शेंगा सोलता सोलता मुद्द्यावरच बोट ठेवलं होतं.

जावा नावाची एक संगणकाची भाषा आहे आणि जावास्क्रिप्ट नावाची दुसरी. नावावरून कोणालाही वाटेल की एक आई, दुसरी लेक. निदान मावशी-भाची तरी. प्रत्यक्षात दोघींचं रक्ताचं नातं नाही. त्या जावा-जावा आहेत. दोघींची माहेरं वेगळी, वळण वेगळं, पण आडनाव एकच, कारण घराण्यांची सोयरीक झाली. जावा ही सन मायक्रोसिस्टिम्सची. दुसरी नेटस्केपची. ही दुसरी १९९५च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थाने जन्माला घातली, तेव्हा तिचं पाळण्यातलं नाव मोका होतं. सप्टेंबरात ती लाइव्हस्क्रिप्ट म्हणून चारचौघांत आली. त्या वर्षी जावाचा बोलबाला इतका होता की डिसेंबरात दोन्ही कंपन्यांनी मिळून हिचं नाव बदललं आणि जावास्क्रिप्ट केलं. म्हणजे नाव बदललं ते सासरच्या प्रतिष्ठेसाठी. पुढे १९९७मध्ये तिचा रीतसर दाखला निघाला, त्यावर नाव पडलं एक्मास्क्रिप्ट, कारण घराण्याचं नाव दाखल्यावर लावायला घराण्याची परवानगी लागते. आज त्या नावाची मालकी ओरॅकलकडे आहे, सनचं सगळं २०१०मध्ये त्यांनी घेतलं तेव्हा नावही त्यातच गेलं. पाळण्यातलं एक, माहेरचं एक, सासरचं एक आणि दाखल्यावरचं चौथंच. आमच्या आईचीही नावं अशीच चार होती, आणि रेशनकार्डावर पाचवं.

ही माहिती मी उत्साहाने हिला सांगितली. ती म्हणाली, "मग कोण वरचढ?"

म्हटलं, "धाकटी. आज पानोपानी तीच आहे. थोरलीला ब्राउझरातून तर केव्हाच बाहेर काढलं."

हिने घेवड्याची परडी उचलली आणि काही न बोलता आत गेली. नात्याने ही धाकटी आहे.

या भाषेची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. आइकसाहेबांनी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. आपल्याकडे दहा दिवसांचा हिशेब पक्का आहे. चतुर्थीला बसवायचा, अनंत चतुर्दशीला पोचवायचा. दहा दिवसांत मखरात ज्या चुका राहतात, म्हणजे कुठे पताका उलटी, कुठे दिव्यांच्या माळेतला एक दिवा मेलेला, त्या विसर्जनाबरोबर माफ होतात. इथे बसवला दहा दिवसांत, पण विसर्जन तीस वर्षं झाली तरी नाही. त्यामुळे उलट्या पताका तशाच आहेत. या भाषेत अवतरणात घातलेला एक आणि साधा एक यांची बेरीज केली तर उत्तर येतं अकरा. एक आणि एक अकरा ही म्हण आहे असं आपण समजत होतो, तो हिशेब निघाला. आणि त्याच दोघांची वजाबाकी केली की मात्र शहाण्यासारखं शून्य. महिने शून्यापासून मोजायचे, म्हणजे जानेवारी शून्य, पण तारखा एकपासून. 'संख्या नाही' असं ज्या वस्तूचं नावच आहे, तिचा प्रकार विचारला तर उत्तर मिळतं, संख्या.

मग हे दुरुस्त का करत नाहीत? कारण तोवर जगातली अगणित पानं त्या चुकांवर टेकून उभी राहिली. जुन्या वाड्यातला वाकडा खांब सरळ करायला गेलं की माडी खाली येते, तसं. आमच्या ओसरीतही असा एक खांब आहे. वडिलांनी तो 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून ठेवला होता. आता त्याला दोरी बांधून आम्ही कपडे वाळत घालतो.

तर मुद्दा असा, की ही जी सर्वत्र असलेली धाकटी, ती माझ्या लॅपटॉपात बंद कशी होती? आपोआप ती बंद होत नाही. बहुतेक ब्राउझर येतात तेच तिला चालू ठेवून. फायरफॉक्समध्ये पूर्वी ती बंद-चालू करायचा सरळ एक चौकोन असायचा. ऑगस्ट २०१३च्या तेविसाव्या आवृत्तीपासून तो सेटिंगमधून काढून टाकला, कारण लोक नकळत टिचकी मारत आणि मग जगच बंद पडलं म्हणून हवालदिल होत. बटण राहिलं, पण आतल्या माजघरात. तिथे जायला गुप्त पत्ता टाकावा लागे, आणि दारात एक सूचना उभी असे, की इथे हात लावलात तर हमी राहणार नाही. खाली बटणावर लिहिलेलं असे, मी जपून वागेन, वचन देतो. एवढं वचन मी लग्नाच्या सप्तपदीतही समजून-उमजून दिल्याचं आठवत नाही.

माझा ब्राउझर वेगळा, पण त्यातलं बटण बंद केलं होतं पुतण्याने. तो हिंजवडीला कामाला आहे. मागच्या चैत्रात मी पंचांग बघता बघता कुठल्याशा जाहिरातीवर बोट ठेवलं, आणि पडदा लालभडक होऊन बोंबलू लागला. तुमच्या संगणकात विषाणू शिरले आहेत, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा, यंत्र बंद करू नका. बंद करायला जावं तर पुन्हा तीच खिडकी. पुन्हा बंद, पुन्हा तीच. जत्रेत देवऋषी हात धरतो आणि सोडत नाही, तसं. मी फोन हातात घेतलाही होता. एवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीवरचं बटण खटकन् खाली केलं. लॅपटॉप बॅटरीवर बोंबलतच राहिला, तेव्हा त्यांनी त्याच्यावर गोधडी टाकली.

रविवारी पुतण्या आला. त्याने समजावलं, "काका, संगणकात काही शिरलं नव्हतं. ते नुसतं एक पान होतं. त्यातली स्क्रिप्ट तुम्हाला घाबरवत होती."

"म्हणजे पान आरडाओरडा करू शकतं?"

"स्क्रिप्ट चालू असली तर करू शकतं. बंद केली की पान म्हणजे नुसता कागद."

मग त्याने मला आपलं स्टेशन दाखवून समजावलं. फलाट म्हणजे पानावरचा मजकूर. पिवळी पाटी, बाक, रंग ही सजावट. आणि गाडी येते, थांबते, सुटते, घोषणा होते, ती हालचाल म्हणजे स्क्रिप्ट. स्क्रिप्ट बंद, म्हणजे बेगडेवाडीचा फलाट जागेवर, पाटीवर नाव बरोबर, पण गाडी नाही. "तुम्ही बाकावर बसून राहा," तो म्हणाला, आणि चार टिचक्यांत बटण बंद करून लोकलला पळाला. त्याची लोकल खरीखुरी होती.

त्यानंतरचे तीन महिने मी बाकावर बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर बरा बसलो होतो. वर्तमानपत्राची पानं झटक्यात उघडायची. मध्येच उडी मारून येणाऱ्या सदनिकांच्या आणि गुडघेदुखीच्या पट्ट्यांच्या जाहिराती गेल्या. व्हिडिओ आपणहून बोलायचे थांबले. काही पानं तर इतकी शांत झाली की त्यांच्यावर फक्त मजकूर उरला, आणि तेव्हा कळलं की मजकूर दीड परिच्छेदच होता. विकिपीडिया मात्र जसाच्या तसा. स्क्रिप्ट असो नसो, वाचायला काही अडत नाही. जुन्या घरात पाहुण्याला ताट वाढताना ओळख विचारत नाहीत, त्यातली ही गोष्ट.

मला १९९५ आठवलं. त्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. मी तेव्हा पिंपरीत एका कारखान्यात भांडारात होतो. आमच्या साहेबांच्या ओळखीच्या एकाकडे स्वस्तातलं खातं होतं. त्यात चित्रं नाहीत, रंग नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. मोडेम चिरकायचा, मग एकेक ओळ खाली सरकायची आणि आम्ही चौघं मागे उभे राहून ती वाचायचो. कशाबद्दल होतं ते कोणालाच कळत नव्हतं, पण वाचायचो मन लावून. त्याच वर्षी सातासमुद्रापार ती धाकटी जन्माला येत होती, हे कुणाला ठाऊक! दोघांनी एकाच वर्षी उंबरा ओलांडला. स्क्रिप्ट बंद केल्यावर माझा लॅपटॉप जणू त्या काळ्या पडद्याकडे निम्म्या वाटेने परत गेला होता. तसं म्हातारपणी परत जाता येणारी ठिकाणं कमीच असतात.

पण शांतता अमर्याद वाढवता येत नाही. पहिली गोची झाली मराठी लिहिताना. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनी. त्यात एखादं शुद्धलेखन दुरुस्त करायची मला खोड आहे. ते लोक तिथेच मराठी टंकनाची सोय देतात. 'अक्षरांतरण' निवडायचं, रोमनमध्ये 'घर' टाइप करायचं, की पडद्यावर देवनागरी घर उभं. ही सगळी करामत पानातल्या स्क्रिप्टची. गमभन आणि तसल्या मराठी टंकनाच्या सोयींनी ज्या पिढीला पडद्यावर आपल्या लिपीत लिहायला शिकवलं, त्यातही बोटांमागे हीच बाई राबत होती. पानातल्या पानातच, संगणकात वेगळं काही बसवायला नको. बटण बंद झालं आणि माझं मराठी गेलं! 'घर' लिहिलं की जी, एच, ए, आर ही चार परकी अक्षरं दात काढून उभी. आपण जिला उपद्रवी म्हणून बाहेर ठेवलं, तीच आपल्या घरात मराठी बोलत होती.

दुसरी गोची आणखी मजेची. एका पानाला माझ्याकडून खात्री हवी होती की मी यंत्र नाही. 'मी यंत्रमानव नाही' या वाक्यापुढचा तो चौकोन तुम्ही पाहिला असेल. त्यात बरोबरची खूण केली की आपण माणूस. पण तो चौकोन आणते स्क्रिप्ट. ती बंद, म्हणून चौकोन नाही, म्हणून खूण नाही, म्हणून मी माणूस नाही. माणूस असल्याचं सिद्ध करायला आधी यंत्राला घरात घ्या. पासष्टी उलटल्यावर हे ऐकून घ्यावं लागणं बरं नव्हे.

आणि तिसरा हा अर्ज.

पुतण्याला फोन केला तर तो मीटिंगमध्ये. तेव्हा स्वतःच शोधायला बसलो. शोधलं त्यातून आणखी एक गोष्ट कळली, जी आधी कळली असती तर चैत्रात गोधडी टाकावी लागली नसती. पानातली स्क्रिप्ट काही अख्ख्या घरात हिंडत नाही. ब्राउझर तिला ओसरीवर बसवतो. माजघरात, म्हणजे आपल्या फायलींत, कपाटात, तिला आपणहून जाता येत नाही. एका पानाची स्क्रिप्ट दुसऱ्या पानाच्या ताटात हात घालू शकत नाही, असाही दंडक आहे. हे ऐकून बरं वाटतं. पण ओसरीवर बसलेला पाहुणा काय काय बघतो ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. कोण आलं, कोण गेलं, किती वेळ बसलं, कुठल्या वस्तूपाशी नजर थबकली. शिवाय तो एकटा येत नाही. तुम्ही एका वर्तमानपत्राला बोलावता, त्याच्याबरोबर जाहिरातवाला येतो, जाहिरातवाल्याचा मोजणीदार येतो, मोजणीदाराचा साडू येतो. प्रत्येक जण तुमच्याकडून चिमूटभर काहीतरी घेऊन जातो. आमच्या शेजारी तळेगावला १९०८मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून. थेंबे थेंबे तळे साचे ते तिथे खरं झालं. या मंडळींचाही पैसा फंडच आहे, फक्त पावती देत नाहीत आणि काच कोणाच्या खिडकीला बसते ते कळत नाही.

म्हणजे प्रश्न चालू की बंद एवढा सरळ नव्हता. तो घरात रोजच असतो तसा होता. कोणाला ओसरी, कोणाला माजघर, आणि कोणाला फाटकातूनच रामराम.

वहिनी तेवढ्यात वाटीत खोबरं मागायला आल्या. "भावजी, अजून गोधडी हवी का?"

मी त्यांना अडचण सांगितली. वहिनी सातवीपर्यंत शिकल्या आहेत, पण फोनवरच्या पाककृती, भजनं आणि बेळगावच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल यांनी त्यांचं पुढचं शिक्षण पूर्ण केलं आहे. त्या माझ्या शेजारी बसल्या. वरच्या कोपऱ्यात ती तीन टिंबं असतात, ती दाबली. सेटिंग्ज. मग गोपनीयता आणि सुरक्षा. मग साइट सेटिंग्ज. ती यादी खाली खाली जात होती, कॅमेरा, माइक, स्थान, सूचना, आणि त्यात एकदाची जावास्क्रिप्ट सापडली. तिच्यावर दाबल्यावर दोन गोळे. एक, साइटना वापरू द्या. दोन, वापरू देऊ नका. माझा दुसरा गोळा भरलेला होता.

"वरचा भरू?" वहिनींनी विचारलं.

"सगळ्यांना मोकळीक होईल."

"मग खाली बघा की." खाली आणखी एक भाग होता. ज्यांना मोकळीक द्यायची त्यांची वेगळी यादी करता येते. सर्वांना बंदी, आणि यादीतल्यांना परवानगी. किंवा उलटं, सर्वांना परवानगी आणि यादीतल्यांना बंदी. लग्नाच्या आमंत्रणांसारखं. वहिनींनी अर्जाचा पत्ता त्या यादीत उतरवला, पान पुन्हा उघडलं, आणि पांढऱ्यावर एकेक चौकोन उमटू लागले. नाव. वडिलांचं नाव. गाव. तालुका. तालुक्यावर टिचकी मारली तर यादी उलगडली आणि तीत मावळ होतं. इतकं छान वाटलं! स्वतःचा तालुका कुठल्याही यादीत सापडला की माणसाला उगाचच भरून येतं.

दाराशी उभं राहून ही बघत होती. म्हणाली, "शेवटी जावेनेच चालू केली ना?"

अर्ज भरता भरता तो शब्द मात्र डोक्यातून जाईना. स्क्रिप्ट. आपण तिला नाटकाच्या बाबतीत संहिता म्हणतो, अक्षराच्या बाबतीत लिपी. मग जावास्क्रिप्ट म्हणजे जावा बेटाची लिपी का नव्हे? भाषेचं नाव कॉफीवरून आलं आणि कॉफीचं बेटावरून, एवढं मला ठाऊक होतं. शोधलं, विकिपीडियावर, तेही स्क्रिप्ट बंद ठेवून. तर जावा बेटाला खरोखरच स्वतःची लिपी आहे. तिथे तिला अक्सारा म्हणतात, म्हणजे आपलं अक्षरच. ती कवी लिपीतून आली, कवी पल्लवांच्या लिपीतून, आणि पल्लवांची ब्राह्मीतून. आपली देवनागरीही ब्राह्मीचीच नात, उत्तरेकडच्या फांदीतून आलेली. म्हणजे खरीखुरी जावा-स्क्रिप्ट आणि आपली देवनागरी एकाच घरातल्या निघाल्या, जावा नव्हेत, चुलत बहिणी. देवनागरी युनिकोडात १९९१पासून, अगदी पहिल्या आवृत्तीतच. जावाच्या लिपीला २००९पर्यंत थांबावं लागलं.

आणि त्यांची आजी तर माझ्या खिडकीतून दिसते, ढग नसले तर. घोरावडेश्वराच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, त्यातल्या एकात आता महादेव आहे आणि महाशिवरात्रीला सगळा मावळ पायऱ्या चढून जातो. तिथल्या लेण्यांत ब्राह्मी लेख कोरलेला आहे, दानाचा, धेनुकाकट या जुन्या गावाचं नाव असलेला. तेच गाव कार्ल्याच्या लेखांतही येतं. लहानपणापासून मी त्या डोंगरावर जातो. तिथल्या पाण्याच्या टाक्यांत डोकावलो आहे, माकडांशी भांडलो आहे. लेखाकडे पाहिलं की तो खडकावर नीट दिसायचा. काठीसारखी, गोलासारखी, अधिकच्या खुणेसारखी अक्षरं. ती आमच्याकडून कसली परवानगी मागत नव्हती, कुठलं बटण चालू करायला सांगत नव्हती. तिथली स्क्रिप्ट दोन हजार वर्षं चालूच होती, बंद होती ती माझी.

हे मी पुतण्याला रात्री फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "काका, अर्ज भरला का?"

भरला. जतनही झाला. क्रमांक वहिनींनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे, दूधवाल्याच्या हिशेबाखाली. माझ्या यादीत आज सहा नावं आहेत. अर्जाचं पान, बँक, रेल्वेचं तिकीट, मराठी विकिपीडिया, पंचांग, आणि सहावं वहिनींनी परस्पर घातलेलं, ज्यावर एक बाई बेळगावी कुंदा करते. बाकीच्यांना फाटकातूनच रामराम. कधीकधी कुठलं तरी पान कोरं येतं, तेव्हा मी त्याचा चेहरा बघतो आणि ठरवतो.

त्या दिवशीची ती एकच ओळ मात्र माझ्या मनातून गेलेली नाही. पुतण्याकडून कळलं, की पान लिहिणाऱ्याला अशा ओळीसाठी वेगळी जागा दिलेली असते. स्क्रिप्ट चालू असेल तर ती ओळ कोणालाच दिसत नाही. बंद असेल तरच दिसते. म्हणजे त्या अख्ख्या पानावर ती एकच ओळ अशी होती जी कुणीतरी फक्त माझ्यासारख्यासाठी लिहिली होती. आणि तीत मला एवढंच सांगितलं होतं की सक्षम करा. कुठे, कसं, ते नाही.

म्हणून पानं बांधणाऱ्या मुलामुलींना ही विनंती. तुमच्यातली बरीच आमच्या बेगडेवाडीवरून रोज लोकलने जाता. ती ओळ लिहाल तेव्हा तिच्याखाली आणखी एक लिहा. तीन टिंबं, सेटिंग्ज, गोपनीयता आणि सुरक्षा, साइट सेटिंग्ज, जावास्क्रिप्ट. मराठीत लिहा, अक्षर थोडं मोठं ठेवा. सगळ्यांच्याच घरी वहिनी नसतात.